कोरड्या पुलावर

या पुलाखालून आता नदी वाहत नाही,
म्हणून त्याला तिबिलिसीत कोरडा पूल म्हणतात.
वर मात्र दर शनिवारी पूर:
समोवार, लष्करी पदकं,
कुणाच्या तरी लग्नातले काटे-चमचे,
आणि पार टोकाला, झाडाच्या बुंध्याशी,
लमाराची निळी चादर.

मी ट्रॉलीबस चालवायचो. ट्रॉलीबस बंद झाल्या.
आता घरं बांधतो, मुठीत मावणारी.
सोलोलाकीच्या गल्ल्यांतले लाकडी सज्जे:
कठडा बोटाच्या पेराएवढा,
त्यावरची नक्षी तिळाएवढी.
बायको विचारते, एवढ्याशा सज्जात उभं कोण राहणार?
कुणी नाही. म्हणून तर तो कोसळणार नाही.

पहिली हत्यारं घेतली ती डबाबंद,
बारा नग, मखमली कप्पे.
चिमट्याची दोन टोकं समोरासमोर आली
की एकमेकांना चुकवून जायची,
अबोला धरलेल्या जावांसारखी.
पेचकसाचं पातं पहिल्याच वळणाला पिळलं;
स्क्रू होता तिथेच राहिला, फक्त त्याचं डोकं गेलं.
त्या बारांतलं आता एकच कामाला येतं:
डबा. त्यात बटणं ठेवतो.

लमाराचा नवरा दातांच्या कवळ्या करायचा.
त्याच्या माघारी तिने चादर मांडली,
वीस-बावीस वस्तू, एकमेकींपासून अंतर राखून.
भाव ती आधी सांगत नाही.
कानस हातात देते, म्हणते,
"झाउर, नखावरून फिरव. चावते की चाटते?"
"चाटते."
"मग ठेव खाली. ती कानस नव्हे, चमचा आहे."

चिमटा आभाळासमोर धरायला लावते.
मिटल्यावर टोकाशी उजेड दिसता कामा नये.
मागे दिसला तर दिसू दे,
थोडी फट असल्याशिवाय त्याला उघडता येत नाही.
"आता जोरात दाब. अजून.
वाईट चिमटा दाबला की तोंड उघडतो.
माणसं बघितलीस ना तशी?"

कोपऱ्यात एक काळा चिमटा,
बोटं टेकून टेकून दोन जागी पांढरा पडलेला.
"हा केवढ्याला?"
"तो विकायचा नाही."
"मग मांडलायस कशाला?"
"बाकीच्यांना लाज वाटावी म्हणून."

माझ्या पेन्शनमध्ये महिन्याला एक हत्यार बसतं,
तेही सिगरेट सोडली म्हणून.
सप्टेंबरात कानस, चावणारी.
ऑक्टोबरात काहीच नाही, दाढ दुखली.
नोव्हेंबरात एक चिमटा, अठरा लारी,
कुणा डॉक्टरचा असावा, आत पुसट आकडा.
त्या रात्री पहिल्यांदा
नक्षीचा तुकडा जागेवर बसला
आणि मी श्वास सोडल्यावरही तिथेच राहिला.

फेब्रुवारीत पुलावर बर्फ.
लमारा खोका उचलत होती,
फळीचं कुसळ तळहातात शिरलं, खोल.
चष्मा घरी. बोटं गारठलेली.
नवऱ्याच्या काळ्या चिमट्याकडे तिने पाहिलं,
मग माझ्याकडे. "तुझा आहे का खिशात?"

तिचा हात मी गुडघ्यावर घेतला.
सव्वीस वर्षं वळणं घेतली, पण इतक्या हळू नाही.
टोकं आत गेली, भेटली, घसरली नाहीत.
कुसळ सबंध बाहेर आलं, मधे न तुटता.

रक्ताचा थेंब तिने पाहिलाच नाही.
चिमटा माझ्या हातातून काढून घेतला,
आभाळासमोर धरला, दाबला, अजून दाबला.
"नोव्हेंबरात," ती म्हणाली, "भाव कमी लावला मी."

कुसळ मी रुमालात बांधून घरी आणलं.
चौथ्या सज्जाच्या कठड्यात
डावीकडून सातवा गज.
जरासा वाकडा आहे.
त्याला कानस लावली नाही.