तेरावा ठोका

आमच्या देवळाला घंटा नाही.
शकुंतला गाडीच्या रुळाचा हातभर तुकडा
बाभळीला तारेनं टांगलाय.
रविवारी सकाळी सातला त्यावर बारा ठोके पडतात.

माझा उजवा खांदा दोन वर्षं झाली वर जात नाही,
म्हणून ठोके पर्बता भोयर मारते,
वावरात जाता जाता,
डोक्यावरचं टोपलं न उतरवता.
एकदा म्हटलं, आत ये की.
म्हणाली, चपलेले लय चिखल हाये वं.
तो मे महिना होता.

मोजण्यात ती कच्ची.
कधी अकरा, बहुतेकदा तेरा.

फेब्रुवारीत नागपूरहून एक प्रचारक आले.
पांढरा सदरा, भोंगा,
आणि कीबोर्ड वाजवणारा एक हडकुळा पोरगा
ज्यानं माझ्या हातची अंबाडीची भाजी तीनदा मागून घेतली.
(देव त्याचं भलं करो.)
प्रचारक डोळे मिटून म्हणाले,
सुवार्ताबाई, प्रभूनं मला दाखवलंय,
परक्या हातानं वाजवलेलं त्याच्यापर्यंत पोचत नाही.
उद्यापर्यंत ठरवा.

मी छत्तीस वर्षं मिशनच्या दवाखान्यात नर्स होते.
ताप खरा की थर्मामीटर खोटा
हे कपाळाला हात लावून सांगायचे.
त्या रात्री स्वतःच्याच कपाळाला हात लावला,
काही कळेना.
गुडघ्यांवर बसले. गुडघे दुखले.
प्रभू काही बोलला नाही.
बोलत होतं ते सरपंचाचं कुत्रं, रात्रभर.

सकाळी पर्बता पायलीभर तूर घेऊन आली.
ओसरीवर दोन सुपं, एक परात,
आणि गुळाचा चहा, जो ती बशीतच पिते
आणि शेवटचा घोट नेहमी मांजरीला ठेवते.
मी सगळं नाही सांगितलं. एवढंच विचारलं,
पर्बते, देव बोलला की माणूस बोलला,
कसं ओळखावं?

"मले काय इचारतं बाई,
तुमचा देव तुमाले ठाव.
पन खडा बी तुरीच्याच रंगाचा असते.
पाखडून जात नाही तो, जड असते ना.
बोटानंच येचा लागते त्याले.
अन् घाई करू नाही.
घाईत दाना फेकल्या जाते."

एवढं बोलून ती तिच्या सुनेच्या मोबाइलवर घसरली,
तिथून भावावर, भावावरून वांग्यांवर.
मी वेचत राहिले.
तिची बोटं माझ्या बोटांशेजारी, परातीत.
याच बोटांनी
माझे दाऊद गेले त्या दिवशी
माझी वेणी सोडून परत घातली होती,
एक शब्द न बोलता.
तिची थोरली पायाळू जन्मली ती माझ्या हातांत,
आणि पर्बतानं कुणाला न विचारता
तिचं नाव मेरी ठेवलं.
मेरी भोयर. दिग्रसला ब्लाउज शिवते. छान शिवते.

दुपारी कधीतरी, ऊन परातीत शिरल्यावर,
आठवलं:
त्या आवाजाकडे उद्यापर्यंतच वेळ होता.
आणि मी ज्याला ओळखते
तो तळ्याकाठी विस्तव पेटवून
मासे भाजत बसतो,
यायला उशीर झालेल्यांसाठी.

प्रचारकांना म्हटलं, मला अजून वेचायचंय.
ते रागावले असावेत. जेवले मात्र.
पोरानं जाताना विचारलं,
आजी, भाजीत काय टाकता?

माझं चुकतही असेल.
साठीनंतर नजर कमी होते,
वरणात अजून एखादा खडा दाताखाली येतो.

रविवारी मी पुढच्या बाकावर होते.
ठोके पडू लागले.
दहा. अकरा. बारा.
पास्टर उठले, सगळे उठले,
मी खांदा धरून अर्धी उठले,

आणि मग, जरा थांबून,
दारातून निघालेलं माणूस
काही राहिलं का म्हणून वळून बघतं तसा,
अजून एक.