तेरा पावलं

गंगावेशीत रात्री म्हशी उभ्या असतात
आणि त्यांच्या उबदार पाठींना टेकून शहाणे लोक,
हातात फेसाळ ग्लास.
त्या रात्री विषय एकच : फौजदार निवास खराडे,
मंगळवारी पहाटे, फुलेवाडीच्या नाक्यावर,
एकच गोळी.

“तेरा पावलं,” आकाराम म्हणाला. त्यानं मोजली होती,
पोलिसांची दोरी निघाल्यावर, स्वतःच्या पायानं.
“तेरा पावलांवरनं, अंधारात, गावठी कट्ट्यानं?
भावा, त्यो नेम न्हवं. मटका हाय.
आकडा लागला, एवढंच.”

इलाही मुल्लाणी लष्करात होता, तो हळू बोलतो.
म्हणाला, गावठीच्या नळीला आत आटे नसतात,
गोळी सुटते ती पिसाळल्या कुत्र्यागत, कुठंबी.
ती बिल्ल्याच्या दोन बोटं खाली बसली म्हणजे
हात तरी पक्का,
न्हाईतर मरण तरी.

मग शिक्षा सुरू झाली.
फाशी, तिघं एकदम म्हणाले.
फाशीत काय हाय, दोन मिन्टाचं काम,
कळंब्यात सडू दे म्हातारा होईस्तोवर.
दूधवाला धार काढता काढता, मान वर न करता :
उजव्या हाताचं बोट तोडा. एकच. बास.
कुणीतरी विचारलं, आणि डावखुरा असला तर?
हसले सगळे.
मग हसल्याची लाज वाटून एकानं
खराडेसायबांचं चांगलं सांगितलं :
जोतिबाच्या यात्रेत चुकलेलं पोरगं
जीपमध्ये निजवलं, आणि स्वतः रात्रभर बाहेर उभे.
दुसरा म्हणाला, व्हय, आणि माझ्या मेव्हण्याच्या
कानफटात दिलती ती?
कशापायी दिलती?
ते ऱ्हाऊ दे.

मी बोललो नाही.
बावीस वर्षं मी रेंजवर कागद लावतो,
काळ्या वर्तुळांचे. भोकं मोजतो, वहीत मांडतो,
नवा कागद लावतो.
डावखुराच आहे तो.
चार महिने यायचा, सायकलीवरून, फी थकेपर्यंत.
सर नसले की मीच सांगायचो त्याला :
श्वास अर्धा सोड. उरलेला धर.
बोट ओढू नकोस,
बोटाला कळूसुद्धा देऊ नकोस.
त्याचे कागद सरांनी कधी नीट बघितले नाहीत.
मी बघितले. एका रुपयाखाली
पाच भोकं झाकायची.

मटका नव्हता तो, आकाराम.
एवढं वाक्य मी दुधाबरोबर गिळलं
आणि रंकाळ्याच्या काठाकाठानं घरी आलो,
मिशीला फेस तसाच.
बायको म्हणाली, तोंड पूस.

कलम कुठलं ते वकील सांगतील.
अर्ध्या श्वासाला कलम आहे का,
कुणाला विचारू?

चौदाव्या दिवशी खराड्यांची ईश्वरी आली.
नववीतली. चार नंबरची लेन तिची, दोन वर्षं झाली.
बुटाची नाडी बांधली, सोडली, पुन्हा बांधली.
“काका, तेरा पावलं म्हणजे किती?”
शाळेत कुणी बोललं असणार. शाळेलाही कट्टे असतात.
मी म्हणालो, दहा मीटर. थोडं इकडंतिकडं.
तिनं समोर बघितलं.
मी लावलेला कागद, दिव्याखाली, पांढरा,
दहा मीटरवर.
“म्हणजे हे,” ती म्हणाली.
हे.

पिस्तूल उचललं. हात सरळ, खांदा सैल,
सगळं शिकवल्यासारखं.
बराच वेळ तशीच उभी.
पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागला.
मग हात खाली आला.
“श्वास थांबत नाहीये काका.”

सोड मग, मी म्हणालो.
सगळा सोड.

कागद कोराच निघाला.
तरी मी त्यावर तारीख घातली,
तिचं नाव लिहिलं,
आणि वहीत आकड्याच्या जागी
पेन टेकवून बसलो.