पाव टाकी

नऊशे पौंडांची गाडी
अठराशे भरून न्यूझीलंडला न्यायची,
असं म्हणणारा माणूस
एक टी-बॅग दोन कपांना पुरवतो.
मी म्हटलं, यदू, तिथेही गाड्या असतात.
असतील, म्हणाला,
आणि फॉर्म भरायला बसला,
चष्मा कपाळावर, पेन दातांत,
जणू मुलीचा पासपोर्ट काढतोय.

नियम पुष्कळ.
माती चालत नाही. बी चालत नाही.
गवताची काडी, माशीचा पंख, मागल्या हिवाळ्यातलं पान,
काहीही सापडलं तर म्हणे आख्खं जहाज परत फिरवतात.
(हे त्याने मनचं घातलं असणार.)
पेट्रोल पाव टाकी.
खाजगी सामान अजिबात नाही.

शनिवारी व्हॅक्युम घेऊन मी आत शिरले.

स्विंडनच्या आमच्या घराच्या भिंती म्हणजे पुठ्ठा.
पलीकडे मिसेस हॅडली शिंकल्या
की इकडे आमचं बोलणं खरं ठरायचं.
म्हणून भांडायचं ते गाडीत.
काचा वर, हीटर चालू,
ए चारशे एकोणीसवर
कोल्हापूरच्या शिव्या सत्तरच्या वेगाने,
आणि दारात उतरलो की
दोघं मिळून त्यांना गुड ईव्हनिंग.

मागच्या सीटच्या फटीत मेथीचे सात दाणे,
बोटाने एकेक काढले. बीच ते.
पूजेच्या दिवशीची अक्षता, अजून पिवळी.
गियरपाशी विरघळून दगड झालेली संत्र्याची गोळी.

आणि ड्रायव्हरच्या सीटखाली, गालिचा उचलला तेव्हा,
पार्किंगची तिकिटं.
कोट वॉटर, सोमवार, नऊ वाजून दहा.
कोट वॉटर, मंगळवार, नऊ पाच.
कोट वॉटर, बुधवार.
अकरा आठवड्यांची, तारीखवार,
वर रबर बँड.
खोटं बोलतानासुद्धा याने पावत्या ठेवल्या.

मला ठाऊक होतं.
त्या वर्षी कंपनीने चाळीस जणांना घरी बसवलं,
त्यातला हा एकटाच घरी बसला नाही.
रोज टाय, रोज डबा, रोज
"आज उशीर होईल गं."
रात्री कचरा टाकायला जाताना मी
काचेला डोळे लावून मैलांचा आकडा वाचायचे.
कंपनी सोळा मैल लांब. आकडा चारानेच सरकायचा.
दुसऱ्या आठवड्यापासून डब्यात
एक पोळी जास्त घालू लागले.
तळ्यावर बदकं असतात.
पोळी जास्त का, हे त्याने कधी विचारलं नाही.

कागदाबद्दल नियमात काही नव्हतं,
पण सामान खाजगी होतं.
आता ते माझ्या पर्समध्ये आहे,
लायब्ररीच्या कार्डामागे.

साउथॅम्प्टनला गोदीच्या फाटकापाशी
टॅबलेट घेतलेला पोरगा गाडीभोवती फिरला,
चित्रातल्या गाडीवर फुल्या मारत.
हा ओरखडा. हा पोचा. हाही पोचा.
यदूने चौथा स्वतःहून दाखवला.
काटा बरोबर पावावर होता,
त्यासाठी आम्ही गोल चौकाला तीन जादा फेऱ्या मारल्या होत्या.
क्लच जरा वर धरतो, म्हणाला तो पोराला, हळू सोड.
पोरगा सहा फुटांचा. आत बसला
आणि सीट खट् खट् खट् पार मागे ढकलली.
यदू क्रेनकडे बघू लागला.

स्टेशनपर्यंत मिनिकॅब.
हा पुढे, डावीकडे,
आणि दर वळणाला उजवा पाय
पायपुसण्यावर दाबतोय.
ड्रायव्हर सिल्हेटचा, हिंदी कळणारा,
म्हणून हळू, मराठीत, मागे न वळता:
"नीट साफ केलीस ना?"
केली.
"सीटखालून?"
सीटखालूनसुद्धा.

पुढचा सिग्नल फार वेळ लाल होता.
कॅब उभीच होती,
तरी त्याने पाय काढला नाही.