दुसरा गिअर

जुलै इथं ऐन हिवाळ्याचा.
कोयाइकेत सकाळी सहाला
काचेवरचं बर्फ मी मुदत संपलेल्या वाचनालयाच्या कार्डाने खरवडते,
पिकअप सुरू करते.
पहिला पडतो.
दुसरा पडत नाही.
म्हणजे पडतो, पण आधी अडून बसतो,
आणि मग एकदम खट्!
ती खट् मनगटातून कोपरापर्यंत चढते,
मागचे पावाचे चौदा ट्रे एका सुरात वाजतात
आणि चौकातलं कुत्रं मान वर करतं.

सहा वर्षं मी समजत होते, दोष माझ्या हाताचा.
एलादिओ म्हणायचाच,
तू गिअर टाकत नाहीस, नोल्फा,
तू त्याच्याशी भांडतेस.
तो गेला दक्षिणेला, मासळीच्या कारखान्यात.
गाडी राहिली.
ते वाक्यही राहिलं, गाडीतच.

रोसामेल बारियाने खालचा बोल्ट सोडला.
तेल आलं, काळं, जळकट गंधकाच्या वासाचं.
बोटभर घेऊन त्याने पांढऱ्या बशीत पसरलं
आणि बशी दिव्याखाली तिरकी केली.
सोन्याची धूळ.
‘पितळ आहे,’ तो म्हणाला. ‘कुणी भरलं हे?’
मी म्हणाले, सगळ्यात महागडं होतं.
पावती अजून आहे.

‘महाग आहेच. चांगलंही आहे.
पण हे मागच्या अ‍ॅक्सलचं तेल, जीएल-पाच.
तिथं ते राजा.
इथं पितळेची कडी असतात, एवढीएवढी,
त्यांना हे हळूहळू खातं.’
मग त्याने दोन तळहात एकमेकांवर फिरवून दाखवले,
एक भरभर, एक सावकाश.
‘दोघांचा वेग जुळेपर्यंत कड्याने धरून ठेवायचं असतं.
तेल फार निसरडं झालं
तर धरणार कशाला?
थोडं घासायला हवं, बाई.
अगदी थोडं.’

फळीवर तीन डबे होते.
मी विचारलं, यातलं कोणतं?
त्याने उत्तर दिलं नाही.
जॅमच्या बाटल्यांची तीन झाकणं घेतली,
प्रत्येकात चमचाभर तेल ओतलं,
आणि बाहेर पाण्याच्या टाकीवर ठेवून दिली.
‘उद्या या. रात्र सांगेल.’

रात्र उणे अकराची निघाली.
सकाळी त्याने झाकणं एकेक करून कलती केली.
पहिलं हललंच नाही.
दुसरं निघालं, गाभण गाय उठते तसं,
आधी मागचा भाग, मग विचार, मग पुढचा.
तिसरं सरळ काठापाशी आलं
आणि तिथं थांबलं.
पंचाहत्तर-ऐंशी. जीएल-चार.
तिघांत सगळ्यात स्वस्त.

‘उन्हाळ्यात पाचव्यात जरा गुणगुणेल,’ तो म्हणाला,
‘पातळ आहे ना.
आणि झिजलं ते झिजलं.
तेलाने पितळ परत येत नाही.’
कुशीच्या भोकातून हातपंपाने भरत राहिला,
दोन लिटर, वर पाव,
तेल काठावरून ओघळू लागेपर्यंत,
मग एका चिंधीने ओठ पुसावेत तसं भोक पुसलं.

मी पैसे दिले. बशी मागून घेतली.
तो हसला नाही, याबद्दल मी त्याची आभारी आहे.

आज बुधवार.
पहिला. क्लच. आणि दुसरा
नुसता गेला.
लोण्यातून सुरी वगैरे नाही,
अजून एक कण लागतो आतमध्ये कुठंतरी,
पण विचारून लागतो.
ट्रे गप्प. कुत्रं झोपलेलं.
उबेरलिंदाच्या दुकानाशी मी चार मिनिटं आधी पोचले
तर तिचं शटर अजून खाली.

एकच राहिलंय.
पहिल्या-दुसऱ्याच्या मध्ये
हात अजून थांबतो,
ती खट् येईल म्हणून दंड आवळून धरतो.
गिअर केव्हाच पडलेला असतो,
आणि मी तशीच, चौकाच्या मधोमध,
मागचा लाकडाचा ट्रक भोंगा वाजवेपर्यंत.