शब्दाला सव्वा रुपया

मुंबईच्या कंपनीने यादी धाडली आहे:
एकशे बारा जपानी शब्द, तलवारींच्या काळातले.
चित्रातली माणसं बोलतील
आणि खाली मराठी उमटेल, दोन सेकंदांत वाचून होईल एवढंच.
मी मोडी वाचणारा माणूस. रेकॉर्ड रूममध्ये तेहतीस वर्षं
दुसऱ्यांच्या इनामांवरची वाळवी झटकली.
वरच्या मजल्यावरच्या त्रिशला जैनने माझं नाव सुचवलं,
म्हणाली, काका, तुम्हाला मेलेले शब्द येतात.

बाकुफु. कनातीआडचं सरकार.
सेनापती रानात राहुटी ठोकतो, लढाई संपते,
राहुटी निघत नाही. अडीचशे वर्षं निघत नाही.
हे मला कुणी समजावायला नको,
माझ्या गावाचं नावच लश्कर.
आम्ही छावणीत दूध घेतो, कंपूत रक्त तपासतो,
गोठीत मुली देतो.

हातामोतो. झेंड्याच्या बुडाशी उभे राहणारे, खुद्द धन्याचे.
लिहिलं: हुजुरात.
कंपनीचा निरोप, हे कुणाला कळणार?
म्हटलं, इथल्या टेंपोवाल्याला विचारा,
दिवसातून चाळीसदा ओरडतो, हुजरात पूल, हुजरात पूल.

कोकु. एका माणसाला वर्षभर पुरेल एवढा तांदूळ.
खंडी लिहिली तर कोठारात मावत नाही,
मण लिहिला तर बिचारा चौथ्या महिन्यात उपाशी.
कोकुच ठेवला. भाताला भाषा लागत नाही.

गिरी. इथे दोन दिवस गेले.
ज्याचं खाल्लं त्याचं देणं, फिटूनही न फिटणारं.
आपल्याकडे गिरी एकटी येत नाही,
कुणाच्या तरी पाठीला चिकटून येते,
शिपाईगिरी, मुलूखगिरी, गुलामगिरी.
तिकडे ती एकटीच उभी आहे, भर दरबारात.
मिंधेपण लिहिलं. खोडलं. पुन्हा लिहिलं.

साया. म्यान.
हा सव्वा रुपया फुकटचा.

ताकेमित्सु.
पातं विकून खाल्लेल्या शिपायाने
म्यान पोकळ वाजू नये म्हणून आत सरकवलेली
बांबूची पट्टी.

इथे मी चष्मा काढला.

तुळाजी सुर्वे, चिटणीसांच्या गोठीतले.
पलटण मोडली तेव्हा चोवीस वर्षांचे,
मग बिर्लानगरात गिरणीच्या फाटकावर, शिट्टी आणि काठी.
दसऱ्याला पाटावर म्यान मांडायचे,
लाल मखमलीला टक्कल पडलेलं, वर झेंडू, हळदकुंकू.
आम्हा पोरांना हातभर लांब बसवायचे.
काका, तलवार बाहेर का नाही काढत?
काढली की रक्त पाजावं लागतं तिला.
एका वर्षी ते पाणी आणायला आत गेले
आणि मी मूठ ओढली.
पिवळसर, गाठी तासून काढलेली,
टोकाला धारसुद्धा केलेली, कुणी बघणार नसताना.
परत सरकवली. आवाज झाला नाही.
मान वर केली तर ते दारात, हातात तांब्या.
त्या दिवशी सोनं वाटताना
माझ्या हातात दोन पानं जास्त पडली.
मी घरी सांगितलं नाही. त्यांनीही कधी विचारलं नाही.

मग उरला रोनिन. धनी गेलेला, लाटेवर वाहणारा माणूस.
बेवारस? भटक्या? बेकार?
त्रिशला म्हणते, काका, रोनिन हा रोनिनच,
आमच्या वर्गातल्या सगळ्यांना माहीत आहे.
बरं. ठेवला.

कंपनीचा मुलगा फोनवर घाईत आहे:
एक जागा कोरी राहिली, सर.
काठी लिहू का तिथे? लाकडी तलवार?
म्हटलं, काहीही लिहा.
बिल एकशे अकरा शब्दांचं पाठवतो,
एकशे अडतीस रुपये पंचाहत्तर पैसे.
तो एक माझ्याकडे राहू दे.