खुंट्यांशिवाय

पद्माकरनं नोटप्रेसमध्ये बत्तीस वर्षं
भिंगाखाली दोष शोधले:
सरकलेली शाई, सिंहाच्या आयाळीत
एक जास्तीची रेघ.
निवृत्तीच्या पैशांतून पहिली खरेदी म्हणजे हा तंबू,
दोन माणसांचा, नारिंगी.
सोबतचं माहितीपत्रक त्यानं
पोथीसारखं तीनदा वाचलं.

गिरणारे मागे पडलं, द्राक्षांच्या बागा संपल्या,
वाघेऱ्याचा घाट उतरलो आणि सागाची पानं
चाकांखाली पापडासारखी मोडायला लागली.
मार्गशीर्षातली दुपार. चार वाजताच
डोंगराची सावली अर्ध्या दरीवर.

तो पुढे, पिशव्या घेऊन मी मागे.
ओढ्याकाठी वाळू मऊ आहे, पण पाण्यापासून
दोनशे पावलं दूर हवं. तो मोजतो.
एकशे ऐंशीला करवंदीची जाळी आडवी येते.
सावरीखाली छान, पण वर वाळकी फांदी लोंबतेय.
टेकाडावर वारा.
खळग्यात गारठा साचतो म्हणे, पाण्यासारखा.
एके ठिकाणी सगळं जमलं होतं,
तर त्यानं पाण्याची बाटली आडवी ठेवून पाहिली.
ती जरा थांबली, मग सावकाश
माझ्या पायाशी आली.

मला पाहायला आला तेव्हाही असाच होता हा,
सिन्नरला, ब्याण्णव साली,
हातात कप, नजर छताच्या कोपऱ्यात.
तिथं ओल होती.
लग्नानंतर त्यानंच वर चढून
डांबर लावून ती बुजवली.

बोरीपाड्याची मथीबाई भोये,
डोक्यावर लाकडांचा भारा,
आमच्याकडे कधीची बघत होती कोण जाणे.
"काय हरवलं?"
"जागा," मी म्हटलं.
तिनं भारा उतरवला नाही, नुसती हनुवटी हलवली:
"अठं मुंग्यांची वाट आहा.
तठं पहाटचे डुकरं येतात.
त्या मोहाखाली वाघदेव, तठं आम्हीपण निजत नाही."
पद्माकर वहीत लिहून घेत होता.
"मग चांगली जागा कोणती?"
"चांगली म्हणजे?"
त्याचं पेन थांबलं.
खराब नोट कोणती, हे त्याला बत्तीस वर्षं विचारलं होतं.
चांगली कोणती, कुणीच नाही.

तिनं आम्हाला तिच्या खळ्यावर नेलं.
नागली मळून झालेली. मधोमध मेढ,
शेणानं सारवलेली भुई, परातीसारखी गोल,
कडेला पेंढ्याचा ढीग, त्यावर एक कोंबडी नाराज.
"पायताण काढा."
काढले. चोवीसशे रुपयांचे बूट
बांधावर, तिच्या भाऱ्याशेजारी.
आणि त्यानं पहिली खुंटी हातात घेतली तशी
ती पहिल्यांदाच मोठ्यानं बोलली:
"ठोकू नको! भुई फुटंल.
खुरासणी यायची आहा अजून."

माहितीपत्रकात यावर काही नव्हतं.
आठ खुंट्या, तशाच, पिशवीत परत.
नातवानं बांधावरचे दगड आणून दिले,
एक दोरी मेढीला, जिथं बैल फिरून फिरून
लाकूड गुळगुळीत झालंय.
तंबू उभा राहिला, एका बाजूनं पोक काढून.
दाराची चेन अर्ध्यावर अडते, खालून गार झुळूक,
कापडाला सुरकुत्या.
मी सहा दोष मोजले आणि त्याच्याकडे पाहिलं.
तो नागलीची भाकरी उडदाच्या भुज्यात बुडवत
मुलाला विचारत होता,
मुंग्यांची वाट ओळखायची कशी.

रात्री झोप अशी लागली नाही.
मेढीशी दोरी कुरकुरायची, दूर कुणी खोकायचं,
कोंबडी पेंढ्यात कूस बदलायची.
मध्येच तो म्हणाला, "बाटली ठेवून बघितली मी."
"मग?"
"हलली नाही."
बराच वेळानं:
"अंधारात नीट दिसलं नाही म्हणा."

सकाळी मोजे झटकताना
त्याच्या बोटावर एक दाणा राहिला,
तांबूस, मोहरीएवढा.
चष्मा कपाळावर सरकवून
डोळ्याजवळ धरून
त्यानं तो उलटासुलटा पाहिला,
पाहतच राहिला.
मथीबाई चूल फुंकत होती. "थंडी वाजली?"
"वाजली," तो म्हणाला,
आणि अनवाणी जाऊन
दाणा खळ्यावर ठेवून आला.