हनुवटीखालची रेघ

शहापुरात, साडीच्या दुकानावर माझं पार्लर.
मागच्या गल्लीतून मागांची खटखट येते.
पाटीवर मोठं कन्नड, खाली बारीक मराठी,
दोन्हीकडं माझं नाव चुकलंय.

मंगळवारी कडोलीची सुवर्णा आली,
लग्न अकरा दिवसांवर, सोबत आत्या.
आत्या टेकायच्या आधीच म्हणाली,
"दोन नंबरनं उजळ लावा की गे,
माणसं गोकाकची हायत."
मी काही बोललो नाही.
(आमच्याकडं बायाही 'बोललो'च म्हणतात.
पुण्याची नणंद अजून हसते.)

तोंड धुवायला लावलं. पुसलं नाही, टिपलं.
मग तशीच बसवून ठेवली,
कातडं लगेच खरं सांगत नाही.
पाव तासानं नाक चकाकलं, कपाळ मधोमध,
गाल मात्र ओढलेले,
मीठ लावून वाळवलेल्या कैरीसारखे.
एका तोंडावर दोन तऱ्हा.
एका बाटलीत भागेल,
एका बोटानं नाही.

बाटल्यांवर छापलंय आयव्हरी, बेज, हनी.
आयव्हरी इथं कुणी बघितलंय?
झाकणांवर मी पेनानं लिहिलंय:
साय. पोहे. कुंदा.
जास्त परतलेला कुंदा.
खानापुरी कौल.

हनुवटीच्या कडेला तीन रेघा ओढल्या
मानेवर उतरत्या,
आणि तिला गॅलरीत नेलं.
ट्यूबलाइट खोटं बोलते, आरसा तिला सामील.
खाली रिक्षावाला कन्नडात भांडत होता,
भाजीवाली मराठीत,
दोघांचं एकमेकांना नीट कळत होतं.
दहा मिनिटं थांबलो.
हवा लागली की रंग एक पायरी काळा पडतो,
हे आत्याला ठाऊक नव्हतं.
पहिली रेघ राखेसारखी वर आली.
दुसरी तांबूस.
तिसरी सापडेना.
मी बोटानं चाचपत शोधतोय
आणि सुवर्णा हसतेय, गुदगुल्या होतात म्हणून.

"हीच," म्हटलं.
"अगं पण ही तर तिच्याच रंगाची!"
"व्हय की."

माझ्या लग्नाच्या अल्बमात मी दोन बायका आहे.
वरची पिठात बुडवलेली,
मंगळसूत्रापासून खाली माझी मी.
मधे सरळ रेघ,
नकाशावर कुणी पट्टीनं ओढावी तशी.
फोटोग्राफर म्हणाला होता, मान जरा खाली घ्या.
बावीस वर्षं झाली,
त्या फोटोत ती खालीच आहे.

सुवर्णाच्या गालांना आधी क्रीम,
दोन मिनिटं मुरू दिली. नाकाला काही नाही.
स्पंज भिजवून घट्ट पिळला.
घासायचं नसतं, थापायचं,
भाकरी थापतात तसं नव्हे,
झोपेला आलेल्या पोराला थोपटतात तसं.
मधून बाहेर, कानाच्या पाळीपर्यंत,
केसांच्या मुळाशी विरेपर्यंत.
पावडर चिमूटभर, नाकापुरती.
हनुवटीखाली मात्र बराच वेळ घालवला.

आत्यानं पुढून बघितलं, बाजूनं बघितलं,
चष्मा काढून पुन्हा बघितलं.
"काहीच लावल्यागत वाटत नाही,"
म्हणाली, "मग पैसे कमी घ्या."

संध्याकाळी बेसिनवर हात धुताना
माझ्याच हाताच्या मागं ठिपके दिसले.
साय. पोहे. कुंदा.
चौथाही लावला होता, आठवतंय,
पण तो दिसेना.
नळाखाली हात तसाच धरून
मी थोडा वेळ उभा राहिलो.